जी खुर्ची रिकामी होईल ती

सोमवारी सैदिनच्या हातून एका पोराचा कान कापला गेला. कापला म्हणजे काय, नखाएवढं कातडं निघालं, रक्ताचा एक थेंब आला आणि तिथेच थांबला. पण तेकोंग बेटावरच्या लष्करी छावणीत हजामती करायला लागल्यापासून त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. पोरगा रंगरूट, आठवडाभर चिखलात लोळून आलेला, त्याला कानाचं काही विशेष वाटलं नाही. "असू दे अंकल, नाहीतरी सार्जंटचं ऐकून ऐकून कान किटलेत," तो म्हणाला. सैदिनने त्याच्या कानाला तुरटी लावली, मान पुसली, कापड झटकलं आणि पुढच्याला बसायची खूण केली. शेजारच्या खुर्चीवर गिओक चूचं मशीन चालू होतं. ती पन्नाशीची चिनी बाई, बारीक, कडक, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय रे, बायकोशी भांडून आलास?" तिने मशीन न थांबवता विचारलं. "बायको कुठली?" सैदिन म्हणाला. "मग माझ्याशी भांडून घे दुपारी. आत्ता लाईन मोठी आहे." सैदिन हसला. शर्टाच्या खिशात फोन होता. दोन डोक्यांच्या मधल्या सवडीत त्याने तो बाहेर काढून वाचला होता आणि परत ठेवला होता. बहिणीचा निरोप होता, रोकैयाचा. हझवान आलाय, तिने लिहिलं होतं, उद्या तुझ्याच बेटावर भरती.

हझवान त्याचा मुलगा. सहा वर्षांचा होता तेव्हा आईबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला, पर्थला. नॉर्लेलाने घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, नवरा इंजिनिअर, माणूस चांगला होता. चांगला नसता तर सैदिनला जरा बरं वाटलं असतं. विमानतळावर पोराने त्याचं बोट धरलं होतं आणि सगळं लक्ष सरकत्या जिन्याकडे होतं. त्या दिवशी घरी परत येताना बसमध्ये सैदिनच्या मनात एक विचार आला आणि तो विचार इतका पक्का होता की त्याला जवळजवळ हायसं वाटलं. पोरगा इथला नागरिक आहे. जगाच्या पाठीवर कुठेही वाढू दे, अठरा वर्षांचा झाला की त्याला लष्करात दोन वर्षं काढायला परत यावं लागणार. आणि इथे लष्करात येणाऱ्या बहुतेक पोरांना पहिल्यांदा एकाच बेटावर नेतात, आणि बेटावर नेलं की त्यांची डोकी भादरतात. कोर्टाने मुलगा आईला दिला होता, त्याबद्दल सैदिनची तक्रार नव्हती, पण कायद्याचं एक टोक त्याच्या हातातही होतं. तो न्हावी होता. गेलांग सेराईला मामाच्या दुकानात त्याची खुर्ची होती, बोलकी गिऱ्हाइकं होती, चहा यायचा, रेडिओ चालायचा. बेटावरच्या कामाचं कंत्राट घेणाऱ्या माणसाला न्हावी हवेत हे कळलं तेव्हा तो सगळं सोडून निघाला. मामा म्हणाला, तिथे काय कला आहे, मेंढ्या कातरायच्या. सैदिन म्हणाला, पगार ठरलेला असतो. खरं कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही. ते इतकं वेडगळ होतं की सांगताना त्याला स्वतःलाच हसू आलं असतं.

त्याला पोराकडून फारसं काही नको होतं. मिठी नको, माफी नको, घरी येणं नको. एक मिनिट त्याचं डोकं आपल्या हाताखाली असावं, इतकंच. रंगरुटाच्या हजामतीला तेवढाच वेळ लागतो. न्हाव्याला लोक डोकं देतात आणि विसरून जातात, पण न्हावी विसरत नाही. तळव्याला डोक्याची ऊब कळते, कोणाचं तापलेलं, कोणाचं गार, कोण घाबरलाय, कोण रात्रभर झोपला नाही. सैदिनच्या हाताखालून इतकी डोकी गेली होती की रात्री अंथरुणावर पडल्यावर तळहातात गोलपणा राहायचा. त्यातलं एकही त्याचं नव्हतं. दर नव्या भरतीच्या दिवशी, अजून हझवान शाळेत असेल हे पक्कं माहीत असतानाही, तो रांगेवरून नजर फिरवायचा. सवय व्हायला हवी, असं मनाशी म्हणायचा.

सुरुवातीला फोन यायचे. पोरगा मलयमध्ये बडबडायचा, कांगारू पाहिला, दात पडला, इथे पाऊस थंड असतो. मग तो शाळेत जायला लागला आणि त्याच्या बोलण्यात इंग्रजी शिरलं. सैदिनचं इंग्रजी दुकानातलं. मान खाली घ्या, मागे किती ठेवू, झालं, थँक यू. मुलगा फोनवर काहीतरी लांबलचक सांगायचा आणि शेवटी थांबायचा, म्हणजे आता बापाने बोलायचं, आणि सैदिन म्हणायचा, हो का, छान. त्या थांबण्याची त्याला भीती वाटायला लागली. फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले, महिन्यावरून ईदवर, आणि एका ईदला कोणीच केला नाही. आधी त्यांनी करावा असं याला वाटलं, तिकडे कदाचित तसंच वाटलं असेल. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतंच राहून गेलं. लोक म्हणतात रक्ताचं नातं तुटत नाही. नसेल तुटत, पण त्याला बोलायला भाषा लागते, आणि ती कोणत्या वर्षी संपली हे सैदिनला सांगता आलं नसतं.

संध्याकाळची बोट चांगीला लागली, तिथून बस पकडून तो बेडोकच्या खाऊगल्लीत उतरला, कारण रोकैयाने तिथेच बोलावलं होतं. तिने त्याच्यासाठी रश्शातल्या नूडल्सचं मी-रेबुस आधीच मागवून ठेवलं होतं आणि अंडं स्वतःच्या ताटलीतून काढून त्याच्या ताटलीत टाकलं होतं. धाकटी असून, अबांग म्हणजे दादा म्हणत म्हणत, ती त्याच्यावर लहानपणापासून आईपण गाजवायची. "खा. तोंड बघ कसं झालंय," ती म्हणाली. "सलमाचा फोन आला होता मला. तिच्याकडेच उतरलाय." सलमा ही नॉर्लेलाची बहीण, हझवानची मावशी, टॅम्पिनीसला राहायची. नॉर्लेला स्वतः आली नव्हती, तिकडे तिच्या धाकट्या मुलीची परीक्षा होती.

"कसा आहे?" सैदिनने विचारलं.

"उंच आहे म्हणे. भात कमी खातो."

"माझ्याबद्दल काही..."

"सलमाने सांगितलंय त्याला. तुझा बाप तिथे न्हावी आहे म्हणून. नाहीतर उद्या अचानक समोर आलास तर पोरगा दचकेल ना."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. ओके म्हणाला." रोकैयाने चमचा खाली ठेवला. "अबांग, तू आत्ता जा ना टॅम्पिनीसला. इथून बस आहे. उद्या पोरांबरोबर घरचे लोक जातात बोटीने, शपथ घेताना बघतात, सोबत जेवतात. बाप म्हणून तू जायला हवंस."

"पोराने ज्यांची नावं दिली ते जातात."

"मग त्याला म्हण, माझं दे."

"मी तिथे असतोच की," सैदिन म्हणाला. रोकैयाने त्याच्याकडे असं पाहिलं की याच्याशी बोलण्यापेक्षा बाकड्याशी बोललेलं बरं. ती म्हणाली, "आणि तो दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला तर? पाचजण आहात ना तुम्ही?" हा विचार सैदिनने केला नव्हता असं नाही. वर्षानुवर्षं त्याने दुसरा विचारच केला नव्हता. बेटावरच्या न्हाव्याच्या खोलीत एकच नियम होता, जी खुर्ची रिकामी होईल ती. रंगरूट निवड करत नाही. सार्जंट बोट दाखवतो आणि पोरगा जाऊन बसतो. पाचातली एक खुर्ची सैदिनची. पण आता बहिणीने सांगितल्यावर त्यात आणखी एक गाठ पडली होती. आजवर त्याला भीती होती ती नशिबाची. आता पोराला माहीत होतं. माहीत असून त्याने नजर फिरवली तर ते नशीब नसणार. अंडं त्याने तसंच ठेवलं. रोकैयाने ते परत उचलून खाल्लं आणि म्हणाली, "बोलणार तरी काय आहेस त्याच्याशी?" सैदिन म्हणाला, "बघू." त्याच्याजवळ वाक्यं होती. दोन-तीन मलयमध्ये, एक इंग्रजीत, गिओक चूच्या भाच्याकडून दुरुस्त करून घेतलेलं, गिऱ्हाइकासाठी हवंय असं सांगून. ती वाक्यं त्याने इतक्या वेळा मनात म्हटली होती की आता त्यांना काही अर्थ राहिला नव्हता.

मंगळवारी त्याने मशीनला तेल घातलं, पातं बदललं, खुर्चीचे हात ओल्या फडक्याने पुसले. गिओक चू बघत होती. "आज मंत्रिसाहेब येणारेत का केस कापायला?" "पातं बोथट झालं होतं," तो म्हणाला. "हो, काल कान कापण्याइतकं धारदार होतं," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. खोलीला लांबट खिडकी होती, तिच्यातून जेवणघराकडे जाणारा रस्ता दिसायचा. नवी पोरं आणि त्यांचे घरचे लोक घोळक्याने चालले होते. आया पोरांच्या कॉलरी सारख्या करत होत्या, आज्या छत्र्या उघडून उन्हात उभ्या, बाप लोक हात मागे बांधून बराकींकडे बघत, आमच्या वेळी हे नव्हतं असं एकमेकांना सांगत. एक बाई चक्क पोराची बॅग स्वतः उचलून चालली होती आणि पोरगा मोबाईलमध्ये बघत होता. सैदिन खिडकीशी उभा राहिला, मग बाजूला झाला. बाप म्हणून इथे यायचं तर मुलाने नाव द्यावं लागतं. न्हावी म्हणून यायला कोणाची परवानगी लागत नाही. लांबून शपथेचा आवाज आला, शेकडो गळ्यांचा एकच आवाज, त्यातून एक वेगळा काढता येत नाही. तरी त्याने कान दिला. त्याला त्या पोराचं रडणं ओळखता यायचं, एकेकाळी, जिन्यातून, तीन मजले खालून.

हझवानचं जावळ त्यानेच काढलं होतं. रिवाजाप्रमाणे नातलगांनी एकेक बट कापून शहाळ्यात टाकली, सगळे फोटोसाठी हसले, आणि पाहुणे जेवायला बसल्यावर उरलेलं डोकं सैदिनने न्हाणीघरात पाटावर बसून गुळगुळीत केलं. मांडीवर पोरगं, टाळू धपधप उडतेय, एवढीशी कातडी, खाली सगळा जीव. तेव्हाही त्याचा हात थरथरला नव्हता. त्याला डोक्यावर दोन भोवरे दिसले होते, शेजारी शेजारी, एक उजवा एक डावा. सासू म्हणाली होती, दोन भोवऱ्यांचं पोर हट्टी निघतं. सैदिनला त्याचा अभिमान वाटला होता, का कोण जाणे. आणि पुढे इतक्या वर्षांत त्याने जो भरवसा धरला होता तो त्या दोन भोवऱ्यांवर. चेहरा बदलेल, आवाज फुटेल, उंची वाढेल, फोटोत माणूस कळत नाही; पण केस कापायला डोकं खाली वाकलं की भोवरे आपल्याला सांगतीलच. त्यात परदेशातून येणारी पोरं केस वाढवून येतात, हे त्याने पाहिलं होतं. शेवटचं सुख म्हणून महिनोन्‌महिने कात्री लावत नाहीत. तेव्हा उंच, लांब केसांचा, दोन भोवऱ्यांचा. चूक व्हायला जागाच नव्हती.

घरच्यांच्या बोटी गेल्या आणि पोरं आत आली. दारात सार्जंट तेओ उभा, स्वतः फार तर वीस-एकवीसचा, आवाज मात्र पेन्शनीतल्या हवालदाराचा. "लाईन सरळ. पुढे बघ. जी खुर्ची रिकामी, तिकडे पळ. ज्यांची आधीच चकोट आहे त्यांनी थेट पलीकडच्या दाराने बाहेर." हल्ली बरीच पोरं घराजवळच्या न्हाव्याकडे डोकं करूनच यायची. ती हसत हसत खोली ओलांडून पलीकडे गेली. मशीनं सुरू झाली. गिओक चूने पहिल्या गिऱ्हाइकाला नेहमीचं विचारलं, "कशी ठेवू? बाजूने बारीक, वर जरा जास्त?" पोरगा भाबडेपणाने म्हणाला, "हो आंटी, प्लीज," आणि तिने कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ रस्ता काढला. रांग हसली. जमिनीवर केस पडायला लागले, काळे, तपकिरी, एक निळा, आणि खोलीत तो वास भरला, घाम, जेल आणि जळक्या तेलाचा. सैदिन प्रत्येक डोक्याला हात लावताना ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणायचा, आजही म्हणत होता, पण डोळे रांगेत होते. जीव थाऱ्यावर नव्हता. हात आपलं आपण काम करत होते.

तो दिसला तेव्हा रांगेत मधोमध होता. उंच. केस खांद्यापर्यंत, मागे रबराने बांधलेले. चेहरा आपल्यातलाच, नाक जरा नॉर्लेलासारखं, किंवा सैदिनला तसं दिसलं. मागच्या पोराशी काहीतरी बोलला ते बोलणं गोऱ्यांचं, शब्द नाकातून ओढलेले. सैदिनने मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या, पुढची डोकी मोजली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला मुद्दाम घोळवलं. एकाच्या मानेशी उगाच मशीन फिरवत राहिला, दुसऱ्याचं झटपट आटपलं. बरोबर त्या वेळी त्याची खुर्ची रिकामी झाली. पोरगा आला आणि बसला. सैदिनने रबर सोडलं. केस मोकळे झाले, आणि त्यांच्यात, टाळूच्या किंचित मागे, दोन भोवरे होते.

त्याने कात्री घेतली. रंगरुटाला कात्री कोणी लावत नाही, सरळ मशीन चालवायचं असतं, पण सैदिनने कंगव्याने बट उचलली, कापली, अलगद खाली सोडली, दुसरी उचलली. डाव्या हाताचा तळवा त्याने डोक्यावर नुसता ठेवला. डोकं गरम होतं. तो इतका सुखात होता की त्याला कोणतंही वाक्य आठवेना, आणि आठवायची गरजही वाटेना. सार्जंट ओरडला, "अंकल, सलून नाहीये हे." गिओक चू म्हणाली, "अरे वेणी घाल त्याची, वेणी." पोरं हसली. सैदिनने ऐकलंच नाही. शेवटी मशीन घेऊन त्याने हळू हळू, कपाळाकडून मागे, कानाभोवती, मानेवर, बाळाचं करावं तसं डोकं केलं. मग मलयमध्ये विचारलं, "आई कशी आहे?"

पोराने आरशात त्याच्याकडे बघितलं. "आई? बरी आहे, अंकल. रडली जरा बोटीवर. अबाहने आणि तिने मिळून माझा सगळा खाऊ संपवला."

"अबाह? बाप पण आला होता?"

"हो. आम्ही मेलबर्नला असतो. दोघंही आले." पोरगा मोकळं हसला. "इस्कंदर माझं नाव. तुम्ही ओळखता का अबाहला?"

"नाही," सैदिन म्हणाला. "मला वाटलं ओळखतो." त्याने कापड काढलं. इस्कंदर थँक यू अंकल म्हणून उठला, खाली पडलेल्या आपल्या केसांवरून लांब पाय टाकत गेला. सैदिनला पोराचा राग आला नाही, स्वतःचाही नाही. फक्त हात एकदम जड झाले. इतकी वर्षं जपलेलं सगळं त्याने भलत्याच्याच डोक्यावर ओतलं होतं, आणि ते परत गोळा करता येण्यासारखं नव्हतं. पुढचा आला, त्याचं केलं. त्याच्या पुढचा. रांग आता थोडकी उरली होती, त्यात लांब केसांचं कोणी नव्हतं. म्हणजे दुसऱ्या खुर्चीत बसून गेला. आपण वेण्या घालत होतो तेव्हा गेला असेल. किंवा चकोट करून आलेल्यांत हसत बाहेर गेला. आपल्याला माहीतही होणार नाही, रोकैयाने विचारलं तर काय सांगायचं.

तेव्हा त्याला रांगेच्या शेवटी काहीतरी खुपलं. एक पोरगा होता, उंच, डोकं आधीच तासलेलं, तुळतुळीत, कानामागे तीन-चार ठिकाणी वस्तऱ्याच्या लाल रेघा. त्याला खरं तर केव्हाच बाहेर जायला हवं होतं. रांग संपत आली होती तरी तो शेवटीच होता. सैदिन बघत राहिला. पाचवी खुर्ची रिकामी झाली, सार्जंटने बोट दाखवलं, आणि त्या पोराने मागे वळून कोणी उरलंय का बघितलं, मग बाजूला सरकून नुकत्याच आत आलेल्या उशिरा पोचलेल्या एका जाड्या पोराला पुढे जाऊ दिलं. गिओक चूची खुर्ची रिकामी झाली. पोरगा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. सैदिनच्या हाताखाली एक डोकं अर्धं झालेलं होतं. ते त्याने कसं पुरं केलं हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. कापड काढलं, आणि पोरगा बुटाचा नाद सोडून उभा राहिला आणि सरळ त्याच्याकडे चालत आला.

"ए, तू," सार्जंट तेओ म्हणाला. "तुझं झालंय ना? तिकडून बाहेर जायचं सांगितलं होतं ना?"

"सार्जंट, मागे थोडे राहिलेत वाटतं."

"कुठे राहिलेत? आरसा आहे डोक्याचा."

"मला मागचं दिसत नाही, सार्जंट," पोरगा म्हणाला आणि बसला. मग आरशात न बघता, खाली आपल्या गुडघ्यांकडे बघत मलयमध्ये म्हणाला, "जरा बघता का?" शब्द घरचे होते, चाल परकी, आणि एकेक शब्द आधी घोकून ठेवल्यासारखा वेगळा पडत होता.

सैदिनने कापड गळ्याशी बांधलं. गाठ त्याला एकदा सोडून परत बांधावी लागली. भोवरे दिसत नव्हते, काहीच दिसत नव्हतं. कोणाचंही असू शकलं असतं असं एक गोरं-निळसर डोकं. "कोणी केलं हे?" त्याने विचारलं.

"मीच. मावशीच्या बाथरूममध्ये."

"कापलंय चार ठिकाणी."

"हो."

"न्हाव्याकडे जायचं ना."

"मला वाटलं, आधीच करून आलं की इथे बसावं लागत नाही. मित्राने सांगितलं होतं." तो थांबला. ते थांबणं सैदिनने ओळखलं, फोनवरचं होतं, तेच. पण या वेळी पलीकडून पुढे शब्द आले. "मग आत आलो तर तुम्ही दिसलात. त्या लांब केसवाल्याचं करत होतात."

"मला वाटलं होतं..."

"कळलं मला काय वाटलं ते. खूप वेळ लावलात." पोरगा अजून गुडघ्यांकडे बघत होता. "त्याच्या जागी मी असायला हवं होतं. म्हणजे, केस असायला हवे होते."

सैदिनच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याने ते तसंच राहू दिलं. मलयमधली दोन-तीन आणि इंग्रजीतलं ते दुरुस्त केलेलं, एकही वाक्य जवळपास फिरकलं नाही. "मान खाली घे," तो म्हणाला. पोराने मान खाली घेतली. त्याने डावा तळवा त्या डोक्यावर ठेवला. गार होतं डोकं, घामाने गार. मशीन सुरू करून त्याने ते कपाळापासून मागे नेलं. एकही केस पडला नाही. परत कपाळापासून, जरा बाजूने. मग कानामागे, जिथे कापलं होतं ते टाळून.

"अंकल, त्याला केसच नाहीत," सार्जंट तेओ जवळ येऊन म्हणाला.

गिओक चू आपलं मशीन साफ करत होती. तिने आरशात सैदिनचं तोंड बघितलं, मग पोराचं, मग परत सैदिनचं, आणि तिचा हात थांबला. "सार्जंट," ती म्हणाली, "पोराने स्वतःच घरी तासलंय, उलटं सुलटं. उद्या डोकं पिकलं तर डॉक्टरकडे तू नेणार आहेस का? करू दे त्याला नीट. तू तिकडे ती लाईन मोज." सार्जंट काहीतरी पुटपुटत दाराकडे गेला. सैदिनने तुरटी ओली केली आणि प्रत्येक रेघेवर फिरवली. पोरगा एकदा चरचरल्यावर खांदा वर करून शहारला, लहानपणी करायचा तसाच, आणि सैदिन म्हणाला, "झालं, झालं." आणखी करण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी त्याने मानेला पावडर लावली, ब्रशने झटकली, कापडाची गाठ सोडली.

पोरगा उठून उभा राहिला. बापापेक्षा चांगला वीतभर उंच होता. आता तो सरळ बघत होता, आणि काय म्हणून हाक मारावी हे त्याला कळत नव्हतं हे दिसत होतं. सैदिनला त्याची घाई नव्हती.

"परत कधी?" पोराने विचारलं.

"केस वाढले की आणतात सगळ्यांना. दोन आठवडे तरी."

दारातून सार्जंटने हाक मारली. पोराने आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"माझे लवकर वाढतात," तो म्हणाला, आणि पळत जाऊन रांगेत उभा राहिला.